मी गादी झाले त्याची खरी हकिकत

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात घातला आहे, पोचला असं समज). तुझं पथ्य, भावजींचा रक्तदाब आणि दोन्ही नातवंडांचे पडते दात हे सगळं ठीक असेल. माझी तब्येत बरी आहे, झोप मात्र उडाली आहे, आणि त्याला कारण तू आहेस. काल फोनवर म्हणालीस की माझा कार्टूनपट लागला की नातवंडांना आणि इमारतीतल्या अकरा बायकांना घेऊन पहिल्याच खेळाला जायचं ठरवलं आहेस. मी नुसतं "बरं" म्हणाले, कारण तेव्हा शेजारीण मीठ मागायला आली होती (आठवड्यात तिसऱ्यांदा, एवढं मीठ लागतं कुणाला?). आता लिहून कळवते. नातवंडांना आणू नकोस. बायकांनाही नको. का, ते खाली आहे. वाचताना दार लावून घे.

मला बोलावलं ते माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीने. ती आता दिग्दर्शिका आहे, डोक्यावर सदानकदा टोपी असते म्हणून मी तिला टोपीच म्हणते. शाळेच्या प्रार्थनेत ती तिसऱ्या रांगेत उभी असायची आणि इतकी बेसूर गायची की मी तिला सांगितलं, "तू नुसते ओठ हलव." (गाण्याच्या सगळ्याच बाई प्रत्येक तुकडीत एकदोघींना हे सांगतात, मी काही जगावेगळं केलं नाही.) पोरीने चार वर्षं निमूटपणे ओठ हलवले. तीच आता फोन करून म्हणते, "बाई, माझ्या सिनेमात तुम्हीच गायला हव्यात." माझ्या मनात पाल चुकचुकली. जिने आपलं तोंड बंद केलं तिला कुणी माईकसमोर उभं करेल का? पण तुझ्यापासून काय लपवायचं, निवृत्तीनंतर दोन वर्षांत मला कुणी गायला सांगितलं नव्हतं. मी हुरळून गेले.

तिथे कामाची पद्धतच संशयास्पद आहे. एक लहानशी खोली, भिंतींना स्पंज, समोर काच. काचेपलीकडे टोपी आणि ध्वनिमुद्रण करणारे एक जाड गृहस्थ. प्रत्येकाने एकेकटं यायचं, आणि हातात कागद मिळतो तो फक्त आपल्या वाक्यांचा, तोही उलटसुलट क्रमाने. मी एका लॉजमधली जुनी गादी आहे. त्या खोलीतल्या सगळ्या वस्तू बोलतात आणि गातात, असं मला सांगितलं होतं. मी म्हटलं, छान, मुलांना आवडेल. पहिल्या दिवशी माझ्याकडून "आई गं" नऊ तऱ्हांनी म्हणवून घेतलं, "पुन्हा आलात?" सहा तऱ्हांनी, आणि "अहो, जरा बेताने, माझ्या स्प्रिंगा!" एकदाच. मी विचारलं, कोण आलंय? टोपी म्हणाली, "प्रवासी असतात, बाई." पण दर वेळी माझं वाक्य संपलं की ते जाड गृहस्थ पेन्सिल पडली म्हणून टेबलाखाली वाकायचे. एका माणसाची दिवसात किती वेळा पेन्सिल पडावी? आणि पाहुणचार तरी किती! कोमट पाणी काय, पाठीला उशी काय, मी यायच्या आणि जायच्या वेळी कुणीतरी दार सताड उघडं धरून उभं काय. इतक्या आदराने वागणाऱ्यांच्या मनात काहीतरी असतंच.

मग आलं युगुलगीत. मी प्रश्न विचारायचे आणि नायकाने उत्तरं द्यायची. (नायक कमोड आहे. हे मला चौथ्या दिवशी कळलं. तोवर मी त्याला कपाट समजून लाजत होते.) त्याची उत्तरं माझ्या कागदावर नव्हती. मागितली तर म्हणे, "तो भाग अजून बसायचाय." तेव्हा मी चष्मा मुद्दाम तिथेच विसरले आणि दहा मिनिटांनी परत गेले. दार तेव्हा प्रथमच बंद होतं, आणि त्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत पाटी होती: चित्रपट फक्त प्रौढांसाठी. म्हणजे दार उघडं धरायचे ते पाटी भिंतीकडे जावी म्हणून! मी कान लावला. ताई, मी बत्तीस वर्षं शाळेत काढली आहेत, शाळेच्या संडासाच्या भिंती वाचल्या आहेत, मला सहजी धक्का बसत नाही. पण त्या कमोडची उत्तरं! निम्मी तर शब्दच नव्हेत, पोटातले आवाज आहेत, आणि तेही तालात. कोरसमध्ये टॉवेल जे करतात ते टॉवेलांनी करू नये. शिवाय आता तिसऱ्या कडव्याच्या शेवटी माझ्या आवाजात एक सणसणीत शिवी आहे. ती कुणी घातली ते विचारू नकोस.

मी तडक आत गेले आणि विचारलं, "ओठांचा सूड उगवतेस का माझ्यावर?" टोपीने टोपी काढली. म्हणाली, "सूड कसला, बाई? तुमच्याआधी दहाजणी येऊन गेल्या. सगळ्या मधेच हसायच्या. तुम्ही एकट्याच अशा, की काहीही लिहून दिलं तरी प्रार्थनेसारखं म्हणता. आणि ओठ हलवायचं काम आता माझी चित्रं करतात." ही स्तुती की अपमान, अजून ठरत नाही. मला एकदम फार वाईट वाटलं. एका लहान मुलीला आपण चार वर्षं गप्प उभं केलं, हे मला इतक्या वर्षांत एकदाही टोचलं नव्हतं. त्यानंतर मी तिथे आणखी तासभर थांबले. कशासाठी, ते सांगण्यासारखं नाही.

तर येऊ नकोस. बायकांना सांग की सिनेमा रद्द झाला. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. विचार केला, तू आणि भावजी दोघंच या. मागच्या रांगेत बसा. वरची पट्टी मला अजून लागते, हे तुला ऐकायला मिळेल.

ता. क. पुन्हा. शिवीबद्दल खरं सांगून टाकते. माझं वय बघून त्यांनी ओळीतला शेवटचा शब्द गाळला होता, त्यामुळे दोन मात्रा कमी पडत होत्या. लंगडी ओळ मी कुणाचीच खपवून घेतलेली नाही. मीच म्हटलं, शिवी द्यायची तर तालात द्या, आणि शब्दही मीच पुरवला. बाबांचा. स्कूटर सुरू होत नसे तेव्हाचा.

ता. क. शेवटचं, आणि पत्र लिहायला बसले ते यासाठीच. चित्रपट तपासणाऱ्या समितीने कमोड पास केला, टॉवेल पास केले आणि नेमकं त्या एका शब्दावर बोट ठेवलं. टोपी म्हणते, कापावा लागेल. मी कापू देणार नाही. बाबांच्या बोलण्यातलं आपल्याकडे दुसरं काय उरलंय? भावजी ज्यांच्याशी बुद्धिबळ खेळतात ते गृहस्थ त्या समितीवर आहेत. भावजींना म्हणावं, चार डाव मुद्दाम हरा, पण विषय काढा. शब्द कोणता, असं ते विचारतीलच. तो चिठ्ठीवर लिहून दे, म्हणून दाखवायला जाऊ नकोस. तुला तो बाबांसारखा कधीच जमला नाही.