गोणपाटाखालची जमीन

तात्या, आज मंगळवार, सकाळचे सात वाजलेत. मी कालव्याखालच्या आपल्या खाऱ्या तुकड्याच्या बांधावर बसलो आहे. आत्ताच अण्णा, तुमचे धाकटे भाऊ, येऊन गेले. या तुकड्याची माती वीटभट्टीला द्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. वरची माती एकदा गेली की रान संपलंच, म्हणून मला रात्रभर झोप नव्हती.

तुमच्या वेळचा उन्हाळा अजून डोळ्यांसमोर आहे. वर जमीन वाळून पांढरीफटक, आणि गुडघाभर खणलं की पाणी. तुम्ही फावड्यानं मीठ खरवडून बांधापलीकडे टाकता. आठ दिवसांत रान पुन्हा पांढरं. एका दुपारी भाकरी खाऊन तुम्ही उठता आणि बसायचं गोणपाट उचलता. ते बरेच दिवस तिथंच पडून होतं. खाली चौकोनी काळी, ओलसर माती, मीठ नावाला नाही. तुम्ही हसता, "बघ, अख्ख्या रानात माझ्या बुडाखालचीच जमीन चांगली हाय."

दुसऱ्या दिवशी घरातली सगळी पोती रानात. आईनं आकाशपाताळ एक केलं. शेजारच्या आबांनी बांधावरून विचारलं, "तात्या, रानाला थंडी वाजती व्हय?"

"व्हय. तुमची गोधडी पण आणून टाका."

मी तासातासानं पोती उचलून बघत होतो. तुम्ही ओरडलात, "झाकल्यालं सारखं उघडू नगं, लेका!"

त्याच वर्षी थंडीत तुम्ही गेलात आणि माझी नववी अर्धवट राहिली. खालचं पाणी कंदिलाच्या वातीतल्या रॉकेलसारखं मातीतून वर चढतं, ऊन पाणी नेतं आणि मीठ मागं ठेवतं, हे मला फार उशिरा समजलं. झाकलं की ऊन पोचत नाही. पण खालचं पाणीही उतरवायला हवं. म्हणून मी ओढ्याकडं खोल चर काढला, पावसाळ्यात वरचं मीठ धुऊन जाऊ दिलं, आणि लोक जाळतात ते उसाचं पाचट मागून आणून अर्ध्या तुकड्यावर अंथरलं. पोती तुमची, पाचट माझं, एवढाच फरक.

अण्णांनी आज पाचट बाजूला सारलं, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकले.

"खारट हाय," ते म्हणाले. मग उघड्या भागातली चाखली, तोंड वेडंवाकडं केलं. "पर ह्येच्याएवढी न्हाय. भट्टीवाल्याला सांगतो, औंदा न्हाय म्हणून. आन् हितं लगेच ऊस घालून पुन्यांदा पाणी तुंबवशील तर बघ."

तात्या, त्या दुपारी तुम्ही खाली न बघताच गोणपाट झटकून घरी आणलं असतं, तर आज माझ्याकडं अण्णांना दाखवायला काहीच नसतं. हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही. घडी करून खिशातच ठेवीन. आणि एक सांगतो, रागावू नका. अण्णांची पाठ वळल्यावर मी दोन वेळा पाचट उचलून बघितलं.