जातीने हजर राहण्याची गरज नाही

सातारा, मार्गशीर्षातला गुरुवार, १९७४

आज आलं: नारळ सव्वा रुपया, विड्याची पानं दहा पैसे, आणि ह्यांच्या नावाचं कोर्टाचं समन्स, फुकट. ट्रकला मागचा दिवा नव्हता म्हणून तिन्हीसांजेला पोवई नाक्यावर पकडलं, असं त्यात आहे.

म्हणजे सांगलीची हळद मुंबईला नेताना हे नाक्यापर्यंत आले होते! घर तिथून हाकेवर. गणपतीनंतर उंबऱ्याला पाय लागला नाही, आणि... माल वेळेत पोचवायचा असेल. असेलच.

शेजारचे नाना वकिलाकडे कारकून आहेत. त्यांना कागद दाखवला. म्हणाले, "सोपं आहे, वहिनी. गुन्हा कबूल म्हणून सही करायची, दंडाची मनिऑर्डर लावायची. जातीने यायची गरज नाही. एसटीचं भाडं वाचलं, तुम्हाला तर हेच हवं!"

मी विचारलं, "आणि स्वतः आले तर?"

"तर उभं राहून कबूल करायचं, दंड भरायचा. पण एवढ्यासाठी कोण येतंय!"

पूजेत लक्ष लागलं नाही. नाक्यापर्यंत आले होते. गुन्हा नाकबूल करा, असं मी सांगणार नाही. दिवा नव्हता तर नव्हता, देवासमोर खोटं नको. पण खरं बोलायलाही माणूस येऊ शकतो ना? भाडं जाईल, एक खेप बुडेल. जाऊ दे. हे मी लिहितेय, मी!

उद्या समन्ससोबत ह्यांना सांगलीच्या पत्त्यावर एवढंच लिहून पाठवते: मनिऑर्डर करू नये. तारखेला स्वतः यावं, आदल्या दिवशीच मुक्कामाला. जेवायला काय करू, ते उलट टपाली कळवावं.