खालची जाळी

प्रिय जावईबापू,

तुमचं दुसरं लग्न झालं तरी मी जावईबापूच म्हणणार. शिवाय गॅसचं कामही मीच शिकवलेलं, त्यामुळे माझा दुहेरी हक्क.

पाइपाला आटे पाडताना तुमचा हात काय सुरेख चालायचा! आळस तेवढा अंगात मुरलेला. गॅसचा गीझर असलेल्या बाथरूमला दोन जाळ्या हव्यात, एक वर, एक खाली, हे सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला. तुम्ही हसायचात आणि म्हणायचात, खालून गार वारा येतो, मास्तर. माझ्या मुलीच्या बाथरूमची खालची जाळी तुम्ही सिमेंटने लिंपून टाकलीत. हवा कोंडली की गीझरातून जो विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो. दार मीच फोडलं. तिच्या केसांना साबण तसाच होता.

कोर्टात तुमच्या वकिलाने साक्षीला मलाच उभं केलं. गॅस तपासणीच्या खात्यात माझ्याइतका जुना तपासनीस दुसरा कोण आहे? कायद्यात एवढंच आहे की हवा पुरेशी हवी. जाळ्या किती नि कुठे, ते मानकांच्या पुस्तकात. वकिलाने विचारलं, "हे पुस्तक म्हणजे कायदा आहे का?" मी म्हणालो, "नाही. ती शिफारस आहे." खोटं बोलता आलं नाही हो मला. तुम्ही सुटलात, बाहेर येऊन माझा हात धरून रडलात. तेव्हाच एक थोबाडीत ठेवून द्यायला हवी होती.

परवा वार्षिक तपासणीत तुमचं नवं घर माझ्याच वाट्याला आलं. तुमची बायको गुणी आहे. मला बाबा म्हणाली, चहा केला. तुमची धाकटी, दोनच दात आलेली, माझ्या पायाशी बसून माझा नट आवळायचा पाना चावत होती. मी बाथरूम पाहिलं. खालची जाळी लिंपलेली. सिमेंटवर थापीचे तेच तिरके फटकारे.

धोका आढळला तर मालकाला लेखी कळवायचं, हा कायदा. म्हणून हे पत्र. गॅस तिथल्या तिथे बंद करावा आणि केल्याचंही कळवावं, हे पुस्तकात आहे. ती शिफारस. मी बंद केला की नाही, ते इथे लिहीत नाही. तुम्ही कामाला आहात त्या साइटवरून घरी फोन फक्त रविवारी लागतो, असं तुमची बायकोच बोलता बोलता म्हणाली. हे पत्र तुम्हाला सोमवारी मिळेल.

तुमचाच,
सासरा