चरावरचे लीक

प्रिय एडविन,

खुब्याचा नवा सांधा अंगी रुळत असेल. मुलीकडे बसून तू तिच्या स्वयंपाकाला नावे ठेवतोस, असे तिने फोनवर सांगितले. म्हणजे प्रकृती सुधारते आहे.

इकडे अखंड पाऊस. तुझ्या लीकना पाणी घालण्याचे जे काम तू माझ्या गळ्यात मारलेस, ते आकाशानेच अंगावर घेतले आहे. कांद्याचे हे लठ्ठ चुलतभाऊ माझ्या दंडाएवढे झालेत. यंदा लीक-स्पर्धेचा चषक तुझा, हे क्लबात सर्वमान्य आहे, मलाही, नाइलाजाने. परवा बारमागून नोरा ओरडली, "काय रे कथबर्ट, त्याच्या लीकना पाणी घालतोस की विष?" सगळे हसले. प्रतिस्पर्ध्याच्या हाती वाफा सोपवणारा अख्ख्या नॉर्थंबरलंडात तू एकटाच.

गुरुवारी तुझ्या कुंपणाशी माझा पाय खचला. पाहतो तर जमिनीला लांब भेग, आणि खाली थेट रुळांकडे जाणारा उतार. माझी नोकरीच असे उतार तपासण्याची. डोळे मिटण्याची सोय नाही. तुझ्या वाफ्याच्या जागी पूर्वी रेल्वेचा चर होता, पावसाचे पाणी बाजूला नेणारा. कापलेले गवत आणि शेणखत वर्षानुवर्षे टाकून तू तो बुजवलास, वर लीक लावलेस. खालून काटेरी झुडपांत काही दिसत नसे आणि वर तू कुणाला फिरकू देत नसस. आता अडलेले पाणी उतारात मुरते, माती जड होते आणि तिची पकड सुटते. "खत कुठलं रे?" विचारले की तू गूढ हसायचास. ते गूढ उकलले. न उकलते तर बरे होते.

माझ्या सांगण्यावरून गाड्या आता तिथून सरपटत जातात. शाळेची मुले त्यांतूनच येतात. स्पर्धेपर्यंत, म्हणजे पंधरवडाभर, थांबता येईल का, हे मी स्वतःला विचारून पाहिले. पावसाला विचारता येत नाही.

सोमवारी चर मोकळा करायला माणसे येतील. हुकमावर सही माझी आहे. क्लबात काय बोलतील ते तू जाणतोस. तुझ्याही मनात तेच येईल. म्हणून दुसऱ्या कुणी सांगण्याआधी हे पत्र. काल मी माझे सगळे लीक उपटले; यंदा स्पर्धेत मीही नाही. आमची म्यूरिएल स्वयंपाकघरातून म्हणते, "मैत्री ठीक आहे हो, पण लीकचं सूप किती दिवस प्यायचं?" तुझे मी स्वतः मुळांसकट काढीन आणि सर्वांत जाड दोन, बियाण्यासाठी, माझ्या रिकाम्या वाफ्यात लावीन. त्यांची काळजी नको. काय खायला घालायचे, ते आता मला ठाऊक आहे.

तुझाच, तू म्हणशील तर,
कथबर्ट