शेवटच्या गाण्यातला ड्रम

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

बरी असशीलच, कारण नसलीस तरी तू कळवणार नाहीस. आम्ही ठीक. माझं चष्म्याचं दुकान चालतंय, हिला बढती मिळाली, बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय.

आता मुद्द्याचं. झोपायच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून आपण रेकॉर्ड केलेला तो अल्बम, धड पॉप नाही, धड रॉक नाही. तुझी गिटार, तुझा आवाज आणि माझा उसना कीबोर्ड. चाळीसेक कॅसेट मी पुढे ओळखीत वाटल्या. आता त्यांतली एखादी मिळावी म्हणून लोक जंग जंग पछाडतात, आणि एक कंपनी तो नव्याने काढतेय. तू निरोप धाडलास, "काढा, पण शेवटचं गाणं नको." कंपनीला नेमकं तेच हवंय. त्यातल्या ड्रमवर लोक फिदा आहेत. इतका रागीट ड्रम कुणी वाजवला, यावर इंटरनेटवर हमरीतुमरी चालते. मी वाचतो आणि गप्प बसतो.

बाबा दार बडवत होते, हे आपल्या दोघांनाच माहीत होतं. तू थांबली नाहीस, उलट आवाज चढवलास. गाणं संपल्यावर कडी काढलीस, त्यांनी गिटार आपटून फोडली, आणि सकाळी तू घर सोडलंस.

गेल्या महिन्यात कंपनीचा माणूस घरी आला. बाबा झोपलेत असं मी धरून चाललो होतो. त्याने नेमकं तेच गाणं लावलं आणि बाबा दारात येऊन उभे राहिले.

"काका, हा ड्रमवाला कोण ते तुम्ही तरी सांगा. तुमचा मुलगा दाद लागू देत नाही."

बाबांनी गाणं पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "ड्रम नाही तो. मी आहे." आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ही इतकं चांगलं गायची?"

मला रागच आला. म्हटलं, "दार बडवताना कसं ऐकू येणार, बाबा?"

ताई, मी त्यांची वकिली करत नाहीये. गाणं द्यायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तर कंपनी गेली उडत. एवढंच सांगतो, त्या दिवसापासून बाबा घरातलं एकही दार वाजवत नाहीत. बाथरूममध्ये कुणी असलं की बाहेर नुसते उभे राहतात. हिला बिचारीला दार उघडताना दचकायला होतं.

पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. बाबा स्वतः घेऊन आलेत. मी नको नको म्हणत होतो, ऐकलं नाही. पत्र दाराखालून सरकवायचं, बेल वाजवायची नाही, दाराला हात लावायचा नाही, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. तू उघडलं नाहीस तर मुकाट्याने परत फिरतील, तसं माझ्याकडे कबूल केलंय.

गुडघ्यांचं मात्र मी थट्टेत लिहिलं नव्हतं. फार वेळ उभं राहवत नाही त्यांना.

दाराच्या दोन्ही बाजूंचा,
तुझा धाकटा