अप्पांच्या बेलचा दिवा

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझी कंबर, भाऊजींचं पित्त आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं, हे सगळं सुरळीत असेल असं धरून चालतो. इकडे अप्पा ठणठणीत आहेत. मीही बरा आहे, फक्त एक बोट भाजलंय (कारण पुढे येईल).

मागच्या वेळी तू अप्पांना महिनाभर न्यायला रिकामी सुटकेस घेऊन आलीस, आम्ही घरी नव्हतो, तू बेल वाजवून थकलीस, शेवटी किल्लीवाल्याला बोलावून लॅच तोडलंस, तर आत अप्पा निवांत पेपर वाचत बसलेले. त्यांना ऐकू येत नाही हा तुझा संशय पक्का झाला आणि येत्या रविवारी त्यांना कायमचंच न्यायचं, असं तू जाहीर केलंस. अप्पा त्या रात्री जेवले नाहीत. मला ते बघवेना. म्हणून ठरवलं, बेल दाबली की त्यांच्या खुर्चीसमोर लाल दिवा लागेल असं यंत्र आपणच करायचं.

बिस्किटाएवढा एक बोर्ड आणला. कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायचा, वायरीने बोर्डात उतरवायचा, की बोर्ड आपलं ऐकतो, असं दुकानदार म्हणाला होता. (मी दिवसभर लोकांना क्लच हळू सोडायला शिकवतो, त्यामुळे कोण किती ऐकतं याची मला कल्पना आहे.) बोर्डावरचा बारीक दिवा लागायचा, पण कॉम्प्युटर त्याला ओळखच दाखवेना. मी कॉम्प्युटर पुसून नव्याने भरला. त्यात बायकोचे सगळे फोटो गेले आणि घरात अबोला सुरू झाला. मग कळलं, मी लावलेली वायर नुसती मोबाइल चार्ज करायची होती. तिच्यातून वीज जाते, प्रोग्राम जात नाही. वायर बदलली आणि दिवा मिचमिचायला लागला. ताई, खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं.

मग बटण जोडलं, तर कोणी दाबत नसतानाच दिवा लागायला लागला. बटणाची एक तार मोकळी राहिली होती, आणि तशा तारेवर बोर्डाला भास होतात म्हणे. अप्पा सारखे उठून दार उघडायचे आणि बाहेर कोणी नाही म्हणून माझ्याकडे बघायचे. ती तार वितळलेल्या कथलाने पक्की करताना बोट भाजलं.

काल शेवटची चाचणी. मी बाहेर जाऊन बेल दाबली आणि अप्पांनी लगेच दार उघडलं. मी आनंदाने आत धावलो, तर यंत्राची पिन निघालेली. बाहेर जाताना माझाच पाय वायरीत अडकला असणार. दिवा लागलाच नव्हता. विचारलं तेव्हा अप्पा म्हणाले, "बेल त्या दिवशीही ऐकली होती. खिडकीतून सुटकेसही बघितली होती."

मला इतकं हायसं वाटलं की रागवायचंच राहून गेलं. त्यांचे कान शाबूत आहेत, आता ते त्यांच्याच घरात राहू देत.

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी जरूर ये, जेवूनच जा. सुटकेस तेवढी घरी ठेव.

आणखी एक ता. क. हे पत्र अप्पांनी वाचलं. म्हणाले, "कानांचं तिला कळवू नकोस. मला ऐकू येत नाही असं वाटायला लागल्यापासून ती खुर्ची जवळ ओढून बसते." पत्र आहे तसंच पाठवतोय. तुला कळलंय हे दाखवू नकोस, आणि खुर्ची ओढून घे.