जिंकणाऱ्याने भांडी घासायची

गुरुजी, आधी एक तक्रार ऐकून घ्या, कारण ती दुसरीकडे नोंदवायची सोय नाही. तुम्ही मला दिलेला संस्कृत कोश, त्याचे सगळे जाड खंड, सध्या माझ्याकडे नाहीत. ते टीव्हीवर आहेत. तुमचा लाडका शिष्य, म्हणजे रनाळ्याचा, म्हणजे मी नव्हे, आठवड्यातल्या बऱ्याच संध्याकाळी आपल्या घरातल्या खुर्चीत बसून वाहिन्यांवर चर्चा करतो आणि त्याच्या उजव्या कानामागे तुमचा कोश उभा असतो. त्यातला मधला खंड उलटा लागला आहे. वहिनी, म्हणजे त्याची बायको, एक दिवस पिशवी घेऊन माझ्या दारात आल्या. "जाडा जाडा पुस्तकं द्या भाऊजी, मांगे शोभतीन." मी दिली. आता एखादा शब्द अडला की मी टीव्ही लावतो. शब्द तिथे आहे हे दिसतं, उघडता येत नाही. प्रवक्त्याच्या पाठीमागे ज्ञान असावं एवढीच वाहिनीची अपेक्षा असते. ते सुलटं असावं असा आग्रह नसतो.

तुम्ही गेलात तेव्हा तो राजकारणात नुकता शिरला होता, म्हणून पुढचं सांगतो. तो खासदार झाला. राज्यसभेचा, म्हणजे आमदारांनी निवडून दिलेला. गावात कोणी टोमणा मारलाच की तुला आम्ही कुठे मत दिलं, तर तो म्हणतो, म्हणूनच तर निवडून आलो. पक्ष विरोधात बसतो. विरोधातल्या खासदाराच्या हातात फारसं काही नसतं, त्याच्याकडे मागायला येणाऱ्यांना तो चहा देऊ शकतो आणि सभागृहात प्रश्न विचारू शकतो. त्याला बोलता येतं हे पक्षाच्या लक्षात आलं आणि पक्षाने त्याला प्रवक्ता नेमलं. प्रवक्ता म्हणजे तुम्हाला वाटेल तसा प्रवचन करणारा नव्हे. पडद्यावर चौकटी असतात, प्रत्येक चौकटीत एक माणूस कोंबलेला, आणि सगळे एकदम बोलतात. कोण काय म्हणाला हे कोणाला कळत नाही, पण कोणाचा आवाज चढला ते सगळ्यांना कळतं.

नेमणुकीचं कळल्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे आला, याचा मला तेव्हा आनंद झाला होता असं आठवतं. म्हणाला, पंडित, तू सरकार हो. मग अधिवेशन नसलं की दर रविवारी मी त्याच्या ओट्यावर सत्ताधारी पक्ष होऊन बसायचो. शाळेत संस्कृत शिकवणारा माणूस. मला कोणी साधा वर्गशिक्षक केला नाही, इथे एकदम सगळी खाती माझ्याकडे. मी सरकारची बाजू मनापासून मांडायचो. एकदा तर वहिनी आतून म्हणाल्या की भाऊजींचंच पटतंय. तो हसला आणि म्हणाला, मग माझं उत्तर कच्चं आहे, पुन्हा करू.

हे सगळं तुमच्या स्वयंपाकघरातलं होतं. तुमची ती खोली मला अजून दिसते, मारवाडी शेठजींच्या दुकानावरची, जिन्याला कठड्याऐवजी दोर बांधलेली. तुम्ही स्टोव्हसमोर पाटावर बसला आहात, खिचडीला फोडणी देत आहात, आणि आम्ही दोघं भिंतीला टेकून वाद घालतो आहोत. विषय तुम्हीच दिलेला: पाहुण्याला विचारून वाढावं की न विचारता. गावाबाहेर पथारीवर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या मोकळ्या मैदानावर, मिरच्या वाळत घातल्या आहेत, वारा इकडे फिरला की तिघंही शिंकतो आणि शास्त्रार्थ तेवढ्यापुरता थांबतो. नियम एकच. आधी पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं आपण मांडायचं, त्याच्याहून चांगलं, इतकं की त्याने मान हलवून "हो, हेच" म्हणावं. मगच आपलं उत्तर. मी त्याची बाजू मांडली, भराभर, एकही मुद्दा न गाळता. तुम्ही ढवळायचं थांबवलंत. म्हणालात, "मुद्दे सगळे आले. पण तोंड वाकडं करून सांगितलेस. तोंड सरळ कर आणि पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं, मग आणखी एकदा, आणि तेवढ्यात खिचडी खाली लागली. ती तुम्ही आम्हाला न विचारता वाढलीत.

जेवणानंतरचा नियम तर कुठल्याच शास्त्रात नाही. जिंकेल त्याने भांडी घासायची. हरलेल्याला काहीतरी नवं कळलेलं असतं, तुम्ही म्हणायचात, जिंकणाऱ्याच्या हातात नुसता माज उरतो. त्या हातांना थोडी राख लागू दे. दर वेळी तोच घासायचा. मी जिन्यात बसून त्याला कुठलं पातेलं नीट निघालं नाही ते सांगायचो. हरण्याचे फायदे मला लवकर समजले होते.

तर प्रवक्ता झाल्यावर त्याने तेच केलं जे तुम्ही शिकवलं होतं. डोंगरातल्या कमी पटाच्या शाळा बंद करून ती मुलं मोठ्या शाळेत न्यायची, असा विषय निघाला होता. त्याचा पक्ष याच्या विरोधात, तोही. रविवारी ओट्यावर मी सरकार झालो आणि बोलून गेलो, की चार मुलांच्या शाळेत मूल अक्षरं शिकेल, पण त्याला वाद घालायला, हरवायला, हरायला कोणी मिळत नाही. ते एकटं वाढतं. त्याने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. म्हणाला हे चांगलं आहे, हे मी घेतो. संध्याकाळी चर्चेत त्याने ते घेतलं, शब्दन् शब्द, आणि तोंड सरळ ठेवून. समोरच्या चौकटीतला सत्ताधारी प्रवक्ता चक्क मान हलवत होता. मी घरी एकटाच टीव्हीसमोर बसून म्हणालो, गुरुजी, बघा. त्यानंतर त्याने उत्तर दिलं, की पाड्यावरून मोठ्या शाळेपर्यंत नाला आहे, चढ आहे, लहान मूल रोज जाणार नाही, आणि जे मूल शाळेत पोचतच नाही त्याला तिथली सोबत काय कामाची. उत्तर उत्तम होतं. ते कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त पूर्वपक्ष कापून सगळ्या मोबाइलवर फिरत होता, वर पट्टी, विरोधी पक्षाच्या खासदारालाही पटलं. माझं इतकं वाचलं गेलेलं दुसरं वाक्य नाही.

पक्षाने लेखी खुलासा मागितला. तो मीच लिहिला. त्यात पूर्वपक्षाच्या परंपरेवर एक परिच्छेद होता, तो त्याने काढून टाकला. म्हणाला, दिल्लीत हा परिच्छेद वाचला तर आणखी एक खुलासा द्यावा लागेल. इथपर्यंत आम्ही हसत होतो.

मग वर डोंगरात मोलगीला गेलो. बाजाराचा दिवस होता, त्याला लोकांशी बोलायचं होतं आणि मला आमचूर घ्यायचा होता. एक माणूस मिठाची पिशवी खांद्यावर घेऊन आला. त्याच्या पाड्यावरची शाळा बंद होणाऱ्यांत होती. तो भांडायला आला नव्हता, विचारायला आला होता. आमच्यासाठी मराठीत बोलत होता, शब्द शोधत. "साहेब, तुम्ही पण आमची शाळा बंद करा बोलले ना?" माझा मित्र म्हणाला, ते माझं बोलणं नव्हे, ते समोरच्यांचं, माझं त्याच्या पुढे आहे. माणसाने मोबाइल काढला, लावला, आम्ही तिघांनी ऐकलं. माझं वाक्य पुन्हा एकदा बाजारात वाजलं आणि संपलं.

"मग तुमचं कुठे आहे?" त्याने विचारलं.

मोबाइलमध्ये पुढे काही नव्हतं. मित्राने तोंडी सांगायचा प्रयत्न केला, नाला, चढ, लहान मूल. हे सगळं त्या माणसाला आमच्याहून चांगलं माहीत होतं. त्याने ऐकून घेतलं, बरं म्हणाला, आणि जीप चुकेल म्हणून गेला. परतताना घाटभर आमचा मित्र खिडकीबाहेर बघत होता. खाली उतरल्यावर एवढंच बोलला. "पंडित, आते पूर्वपक्ष बंद."

मी वाद घातला नाही. त्या माणसाच्या मोबाइलमध्ये वाजलेलं वाक्य माझं होतं. त्याच्या शाळेचं काय झालं ते मला माहीत नाही. विचारायला हवं होतं.

तेव्हापासून तो फार चांगला प्रवक्ता झाला आहे, असं सगळे म्हणतात. समोरचा तोंड उघडतो तोच हा सुरू होतो. आता त्याचे तुकडे फिरतात, आणि कुठूनही कापले तरी ते त्याच्याच बाजूचे निघतात. रविवार बंद झाले, कारण ओट्यावर सरकारची गरज उरली नाही. मला याचं वाईट वाटायला हवं. मी वाट बघतो, वाटत नाही. संध्याकाळी टीव्ही लावतो, आवाज बंद ठेवतो, आणि कोशाकडे बघतो.

गेल्या महिन्यात तो अचानक जेवायला आला. माझी बायको माहेरी होती, मी खिचडी केली होती. तो पाटावर बसला, मोबाइल ताटाशेजारी. मी मुद्दाम म्हणालो, खरं सांगू का, त्या शाळा मिसळाव्यात असंच मला वाटायला लागलं आहे. मी नंतर खूप बोललो. मोठ्या वसतिगृहाचं बोललो, सोबतीचं बोललो, काही ठिकाणी उघड चुकीचं बोललो, त्याला पकडता यावं म्हणून. त्याने मान वर केली. "तुन्हं बरोबर शे," त्याने लगेच मान्य केलं, आणि मोबाइलकडे बघत जेवत राहिला. मी विचारून वाढलं. तो नको म्हणाला.

तो गेल्यावर मी भांडी घासली. इतक्या वर्षांत त्याच्याशी मी पहिल्यांदाच जिंकलो होतो.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुमच्या कोशात घालून ठेवलं असतं, पण तो कुठे आहे ते वर सांगितलंच. आणि तक्रार कोशाची नाही, हे तुम्ही पहिल्या ओळीलाच ओळखलं असेल. वर्गात मी बोलतो ते मुलं उतरवून घेतात. माझा मुलगा पुण्याहून फोनवर "हो बाबा" म्हणतो. तुमचा लाडका शिष्य "बरोबर शे" म्हणतो. मी सरकार होऊन बोललो होतो ते चार मुलांच्या शाळेचं वाक्य मला आजकाल माझंच वाटतं, आणि ते बरोबर आहे की नाही हे मी कोणाला विचारू शकत नाही. मी चुकतो आहे असं मला सांगणारं आता कोणी उरलं नाही, गुरुजी. मी नक्की कुठेतरी चुकत असेन. मला ते कळत नाही, आणि मला त्याची भीती वाटते.